कीर्द-खतावणीपासून कळफलकापर्यंत
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला हिशेबाची रीत बदलण्याची सवय जुनी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आले, तोवर हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. गावात हाली सिक्का चालायचा, सोलापूरकडे माल गेला की कलदार रुपया यायचा, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार हे मुनिमाला तोंडपाठ असावे लागे. सरकारदरबारी उर्दू भाषा आणि फसली सन, वहीत मात्र मोडी नाहीतर मारवाडी अक्षर. पुढे हाली गेला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दहा-बारा वर्षांत चलन, अपूर्णांक आणि वजन अशी तिन्ही मापे बदलली. हे सारे पेलणाऱ्या मुनिमाचे भांडवल ते किती? लाल कापडाची वही, दौत-टाक आणि पावकी-निमकी पाठ असलेले डोके.

हे आठवायचे कारण असे. संगणक आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर सामान्य माणसाला कसे परवडू लागले, या विषयावर बोलताना आपण एकदम यंत्राच्या किमतीला हात घालतो. किंमत उतरली, लोकांनी घेतले, विषय संपला. पण परवडणे हा शब्द असा एकटा उभा राहत नाही. कशाच्या तुलनेत परवडते, कोणाला परवडते आणि घेतले नाही तर काय पडते, हे त्याच्या मागोमाग येतेच. आपल्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात तर संगणक विकत घेणे परवडण्याच्या कितीतरी आधी तो वाटून घेणे परवडू लागले. माझ्या मते इथली खरी गोष्ट ती आहे, आणि ती यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या इतिहासात फारशी सापडत नाही.

किमतीचा भाग आधी उरकून घेऊ. रुपयाचे मोल बदलत राहते, म्हणून आपल्या घरात जे माप चालते तेच घेऊ, सोन्याचा तोळा. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक आणला तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत होती १५६५ डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण चौदा हजार रुपये. आपल्याकडे मात्र आयात कर, परवाने आणि मोजकेच विक्रेते यांमुळे १९८५ च्या सुमारास असे यंत्र सत्तर-ऐंशी हजारांना पडे. सोने तेव्हा तोळ्याला एकवीसशेच्या आसपास होते. म्हणजे एक संगणक घ्यायला पस्तीस तोळे सोने मोडावे लागले असते. त्याच साली मद्रासच्या स्टर्लिंग कॉम्प्युटर्स या कंपनीने 'शिवा पीसी' नावाचे यंत्र तेहतीस हजारांना आणले आणि बाजारात खळबळ उडाली. तरीही ते पंधरा तोळे झालेच. एका मुलीचे लग्न निघेल एवढे. कळंबच्या किंवा मुरूमच्या आडत्याने ते कशासाठी घ्यावे?

त्या काळात संगणक ही सरकारची आणि मोठ्या संस्थांची वस्तू होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधून चालवला, तो शास्त्रज्ञांसाठी. आयुर्विमा महामंडळात आणि बँकांमध्ये संगणक म्हटला की कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरत, कारण नोकऱ्या जातील ही भीती काही खोटी नव्हती. १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात करार झाला तेव्हा कुठे बँकेच्या दारात यंत्राला पाऊल ठेवता आले, आणि १९९३ च्या दुसऱ्या करारानंतर त्याला वेग आला. मधल्या काळात, नोव्हेंबर १९८४ मध्ये, राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. आयात सोपी झाली, कर उतरले, नवीन कंपन्यांना वाट मिळाली. त्या धोरणामागे एन. शेषगिरी यांचा मोठा हात होता. राष्ट्रीय सूचना केंद्र, म्हणजे आपण ज्याला एन.आय.सी. म्हणतो, तेही त्यांनीच उभे केले. देशातले जिल्हे उपग्रहाने जोडण्याची निकनेट ही योजना त्यांचीच, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टर कचेरीत एक थंडगार खोली आणि तिच्यात संगणक आला. बाहेर चप्पल काढून आत जायचे, अशी त्या खोलीची शिस्त होती. देवळाच्या आणि संगणकाच्या गाभाऱ्यात फरक एवढाच, की इथे दर्शनालाही परवानगी लागे.

आपल्या जिल्ह्याची अडचण आणखी एक होती. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला आणि डाळमिलांचा, मोठ्या आडतीचा, पैशाचा बाजार तिकडे गेला. रेल्वेचे म्हणाल तर बार्शी लाइटची छोटी गाडी येडशीवरून जायची, जिल्ह्याच्या गावाला ती शिवतही नव्हती. मोठी गाडी इथे आली ती २००७-०८ च्या सुमारास. म्हणजे या गावात संगणकाचे वर्ग आधी निघाले आणि रेल्वेचा फलाट नंतर झाला! संगणक आले ते सोलापूरहून, लातूरहून, पुण्याहून, बहुतेक एस.टी.ने. मॉनिटरचे खोके मांडीवर आणि बाकीचे सीटखाली.

इथे पहिल्यांदा संगणक घेणारा माणूस दुकानदार नव्हता. तो होता छापखानेवाला. लग्नसराईत पत्रिकांचे काम यायचे, आणि खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर एक पत्रिका बसवायला कंपोझिटरचा अर्धा दिवस जायचा. पुण्यात सी-डॅक ही संस्था १९८८ साली निघाली. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम तिने जिस्ट या नावाने पुढे नेले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' १९९० च्या दशकात छापखान्यांत पोचली. मराठी अक्षर पडद्यावर दिसू लागले, आणि खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या. पन्नास-साठ हजारांचे यंत्र, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा-बारा तोळे, छापखान्याला परवडले, कारण ते एका घराचे यंत्र नव्हते. साऱ्या तालुक्याची लग्ने, वास्तुशांती, निवडणुकीची पत्रके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यातून निघत. गिऱ्हाईक पानामागे काही रुपये देई. 'डी.टी.पी.' ही तीन अक्षरे गल्लोगल्ली पाटीवर आली ती याच हिशेबाने.

दुसरा गिऱ्हाईक टंकलेखनाच्या वर्गाचा चालक. सरकारी नोकरीसाठी मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशा परीक्षा द्यायच्या असल्याने या संस्था प्रत्येक तालुक्याला होत्या. जुन्या टाइपरायटरच्या रांगेत एक संगणक येऊन बसला आणि त्याच्यापुढे तासाच्या बोलीने मुले बसू लागली. एका यंत्रावर सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत पाळ्या. शेतातल्या बोअरची पाळी आणि संगणकाची पाळी, दोन्ही शब्द एकाच घरात.

हीच गोष्ट पुढे राज्यभर मोठ्या प्रमाणावर झाली. महाराष्ट्र सरकारच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एम.के.सी.एल., स्थापन झाले. विवेक सावंत त्याचे व्यवस्थापकीय संचालक होते. त्यांनी काढलेला एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरला आणि गावोगावी केंद्रे निघाली. नळदुर्ग, परंडा, भूम, उमरगा अशा ठिकाणी जी मुले-मुली पहिल्यांदा माउस हातात धरून बसली, त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या घरी संगणक होता. फी हप्त्याने भरता येत असे. या अभ्यासक्रमात शिकलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली, असे महामंडळ सांगते. सरकारने स्वतः इमारती बांधून यंत्रे विकत घेतली नाहीत हे लक्षात घ्या. गावातल्याच कोणीतरी कर्ज काढून चार-सहा संगणक घेतले, महामंडळाने अभ्यासक्रम आणि परीक्षा दिली, आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून यंत्रांचे हप्ते फिटले. नोकरीच्या सक्तीने गिऱ्हाईक मिळवून दिले, ही टीका त्यावर झाली आणि ती रास्तच आहे. पण त्या सक्तीवाचून वाशी-लोहाऱ्यासारख्या ठिकाणी सहा संगणक कोणी मांडले असते, हेही विचारावे लागते.

आता यंत्र स्वस्त कसे झाले त्याकडे वळू. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आयात कर एकेक पायरी उतरत गेले. १९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि अशा मालावरचा आयात कर २००५ पर्यंत शून्यावर आणायचे कबूल केले. २००४ च्या अर्थसंकल्पात संगणकावरचे उत्पादन शुल्कही माफ झाले. हे झाले कागदावरचे. बाजारात याचा अर्थ असा, की तैवानचा मदरबोर्ड, कोरियाची मेमरी, सिंगापूरहून येणारी हार्ड डिस्क हे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळू लागले. स्क्रू ड्रायव्हर हाती धरता येणारा आणि इंग्रजी पुस्तिका वाचू शकणारा कोणताही पोरगा दोन तासांत संगणक जुळवू लागला. याला आपण 'असेंबल्ड' म्हणत होतो. कंपनीचा संगणक तीस हजारांना, तर तसाच जुळवलेला वीसला. त्यावर कंपनीचे नाव नाही, पक्के बिल बहुतेक वेळा नाही. हमी म्हणजे 'काही झाले तर मी आहे ना' हे जुळवणाऱ्याचे वाक्य. गंमत म्हणजे ती हमी बऱ्याचदा कंपनीच्या हमीपेक्षा चांगली निघे, कारण जुळवणारा त्याच गल्लीत राहायचा. २००५ साली सोने तोळ्याला सात हजारांच्या आसपास होते. वीस हजारांचा संगणक तीन तोळ्यांच्या आत आला. वीस वर्षांपूर्वी पस्तीस तोळे लागत होते.

मात्र या वीस हजारांत एक गोष्ट धरलेली नसे. संगणक जुळवणारा त्यात विंडोज, लिहायचे सॉफ्टवेअर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, मराठी फॉन्ट, वर दोन-चार खेळ आणि गाणी असे सगळे टाकून द्यायचा. फुकट. परवाने घेतले असते तर सॉफ्टवेअरची किंमत यंत्राच्या जवळपास गेली असती. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि मे १९९५ पासून बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा ठरला. निदान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हा कायदा बहुतेक दुकानदारांना ठाऊकही नव्हता. म्हणून आपल्याकडे सॉफ्टवेअर स्वस्त झाले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याच अंशी ते स्वस्त झालेले नव्हते, उचललेले होते. हे बोलायला गोड नाही, पण या इतिहासातून तेवढे वगळले तर उरलेला हिशेब जुळत नाही.

आणि त्याची किंमत अखेर चुकवावी लागलीच, फक्त वेगळ्या खात्यातून. उचललेल्या प्रतीला बिल नाही आणि बिल नाही म्हणून तक्रार नाही. व्हायरस आला, हार्ड डिस्क बसली की वर्षाचा हिशेब गेला. वही पावसात भिजली तरी वाळवून वाचता येई. डिस्कचे तसे नव्हते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण सामान्य दुकानात संगणक शिरला तो त्याच्या जोरावर. १९८६ साली बंगळूरमध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी प्यूट्रॉनिक्स ही कंपनी काढली. वडिलांचा व्यवसाय कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवण्याचा. स्वतःच्या हिशेबाला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या मुलाला त्यांनी ते लिहायला सांगितले. तेच पुढे 'टॅली' झाले. १९९९ साली कंपनीचेही नाव टॅली सोल्युशन्स असे बदलले, आणि २०२० साली भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली.

टॅलीआधी जी हिशेबाची सॉफ्टवेअर होती, त्यांत प्रत्येक खात्याला एक आकडा द्यावा लागे. शेख किराणाला समजा ४०१७, हमालीला ५२०३. आकडे पाठ करा, मग नोंद करा. त्यासाठी शिकलेला माणूस लागे. टॅलीने हे आकडे काढून टाकले. खात्याचे नाव लिहायला सुरुवात करा, यादी समोर येते. मुनीम वहीतही नावच लिहीत होता. कीर्दीत एक नोंद केली की खतावणी आपोआप होते, आणि तेरीज कोणत्याही दिवशी तयार. ज्यांनी जुन्या काळी वर्षअखेरीला तेरीज जुळेपर्यंत रात्री जागवल्या आहेत, त्यांना या एका सोयीचे मोल सांगायला नको. पाच रुपयांच्या फरकासाठी दोनशे पाने उलटी चाळायची, ते संपले. माझे मत असे, की सॉफ्टवेअर परवडण्यात पैशाइतकाच वाटा या सोपेपणाचा आहे. शिकायला एक वर्ष लागणारी वस्तू फुकट मिळाली तरी महागच असते. टॅली बारावी झालेली मुलगी महिन्या-दोन महिन्यांत शिकत होती.

आणि इथे पुन्हा वाटून घेणे आले. एका दुकानाला पूर्ण वेळ हिशेबनीस परवडत नव्हता. मग टॅली शिकलेला मुलगा सकाळी खताच्या दुकानात, दुपारी कापडवाल्याकडे, संध्याकाळी हार्डवेअरमध्ये असा फिरू लागला. प्रत्येकाकडून महिन्याला थोडे थोडे. पतसंस्थांची तऱ्हा थोडी निराळी. त्यांच्यासाठी लातूर-सोलापूरचे प्रोग्रॅमर फॉक्सप्रोमध्ये पिग्मीचे आणि कर्जाचे हिशेब लिहून देत, एकदा लिहिलेले दहा संस्थांना विकत. आडतीवर शेतकऱ्याला जी हिशेबपट्टी मिळते, वजन, भाव, हमाली, तोलाई वजा जाता रक्कम, ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कर्रकर्र आवाज करत निघू लागली. छापील पट्टी आली म्हणून मापात पाप थांबते असे नाही, हे शेतकरी चांगला जाणून आहे. पण बेरीज तरी चुकेनाशी झाली.

यात मुनिमाचे काय झाले? काही जण टॅली शिकले. बरेचसे शिकले नाहीत, कारण पन्नाशीत इंग्रजी कळफलक हाताला बसत नाही. मोडी जाणणारी शेवटची पिढी तीच होती, आणि ती गादीवरून उठली ती निरोपाचा नारळही न घेता. बँकेतल्या कर्मचाऱ्यांची संघटना होती, करार झाला. मुनिमाची संघटना नव्हती.

याहून महत्त्वाची एक गोष्ट दुकानदाराच्या ध्यानात उशिरा आली. वही त्याची होती आणि त्याला वाचता येत होती. संगणकातला हिशेब इंग्रजीत होता. १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट आला. खरेदीवर दिलेला कर वजा मिळवायचा तर बिलागणिक नोंद हवी. पुढे काही वर्षांत विवरणपत्रे ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले. आता संगणक न घेणे महाग पडू लागले. मी सुरुवातीला म्हटले ना, परवडण्याला दुसरी बाजू असते, ती ही. ज्याने संगणक घेतला नाही त्याने बिलांची पिशवी करसल्लागाराकडे नेऊन टाकली. ज्याने घेतला त्यातल्याही अनेकांचा हिशेब सल्लागाराच्याच यंत्रावर राहिला. आपल्याच दुकानात नफा किती हे मालकाने दुसऱ्याला विचारायचे, असा प्रकार वहीच्या काळात नव्हता. २००६ साली टॅलीची जी आवृत्ती आली तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय होती. पण शिकवणारे वर्ग इंग्रजीतच शिकवत राहिले, आणि मराठी टॅली वापरणारे दुकान शोधावे लागे.

मराठीची ही अडचण एकट्या हिशेबाची नव्हती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचे चित्रविचित्र इंग्रजी चिन्हांत रूपांतर होई. युनिकोड रुळेपर्यंत हा ताप होता. केंद्र सरकारने २००५ पासून भारतीय भाषांसाठी फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या मोफत सीडी काढल्या, आधी तमिळ, हिंदी आणि मग मराठीसह इतर. चांगले काम होते. पण तोवर ज्याच्या त्याच्या बोटांना पायरेटेड फॉन्टची सवय लागून गेली होती.

त्याच सुमारास स्वस्त संगणकाच्या घोषणा जोरात होत्या. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी कल्पिलेला सिंप्युटर हा हातात मावणारा, गरिबांसाठीचा संगणक २००४ साली बाजारात आला. त्याचे जगभर कौतुक झाले, विक्री मात्र काही हजारांतच थांबली. २००५ साली एच.सी.एल.ने ९,९९० रुपयांचा संगणक जाहीर केला, त्यात विंडोजऐवजी मोफत लिनक्स होते. किंमत दीड तोळ्याच्याही आत! पण गिऱ्हाईक विचारी, यात टॅली चालते का? सरळ चालत नव्हते. शेजाऱ्याकडून सीडी आणून टाकता येईल का? नाही. जुळवलेल्या यंत्राच्या बरोबर जे फुकट येत होते, त्याच्यापुढे खरोखर फुकट असलेले लिनक्स हरले. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅब्लेट आला, सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. त्याचाही बोलबाला लवकरच विरला.

शिवाय या घोषणांत विजेचा खर्च कुठेच नसायचा. २००५ नंतरची ती वर्षे भारनियमनाची होती, आणि आपल्या खेड्यांत वीज असण्यापेक्षा नसण्याचे तास अधिक असत. वीस हजारांच्या संगणकाला आधी यूपीएस आणि मग इन्व्हर्टर व बॅटरी घेतल्याशिवाय दुकान चालेना. बॅटरीतले पाणी बघणे हे संगणक शिक्षणाचे एक अंगच होते म्हणा.

यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न किती फसवा असतो, त्याचा एक दाखला कोल्हापूरकडे सापडतो. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. ऊस किती गेला, बिल किती झाले, हे शेतकऱ्याला गावातच कळावे हा हेतू. आठ-नऊ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने पाहिले तेव्हा त्या संगणकांवर मुख्यतः तेवढेच काम होत होते, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र चालू होता. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवून पाहिला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, उत्तरात उसाचे वजन यायचे. काम भागले, आणि लोकांना ते जास्त आवडले.

पुढे तेच सर्वत्र झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि पुन्हा एकदा हिशेबाची रीत बदलली. २०१९ साली जीएसटीच्या यंत्रणेने दीड कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना हिशेबाचे आणि बिलाचे सॉफ्टवेअर मोफत देऊ केले. म्हणजे १९९५ साली ज्याच्या बेकायदा प्रतीसाठी कैद होती, तशी वस्तू सरकारी यंत्रणाच फुकट देऊ लागली. उधारीची खाती मोबाइलवर ठेवणारी खाताबुकसारखी ॲप आली, मराठीतही आली. किराणा दुकानदार गल्ल्यावर बसून अंगठ्याने नाव शोधतो आणि रक्कम टाकतो, गिऱ्हाइकाला लगेच संदेश जातो. हिशेब पुन्हा त्याच्या हातात आणि त्याच्या भाषेत आला, जरी तो साठवलेला असतो बंगळूरच्या एखाद्या कंपनीच्या भरवशावर.

२०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले तेव्हा दुकानदारांना बिलावरचा पत्ता बदलायचा होता. ज्यांनी बिलबुके छापून ठेवली होती, त्यांना रबरी शिक्का करून घ्यावा लागला. बाकीच्यांनी मोबाइलवर एक ओळ बदलली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मात्र लाल वही अजून घेतली जाते. आयकराचे वर्ष १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्च असेच धरावे लागते, त्यामुळे दिवाळीच्या वहीला कराच्या दृष्टीने अर्थ उरलेला नाही. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढतात, खाली 'शुभ-लाभ' लिहितात, शेजारी संगणकाच्या कळफलकावर आणि मोबाइलवर हळद-कुंकू वाहतात. पुढची पाने बहुतेक ठिकाणी कोरीच राहतात. काही दुकानांत त्यांवर उधारी लिहिलेली सापडते. शेतकऱ्याचे सोयाबीन विकून व्हायचे असते, आणि तोवर त्याला आठवणीचा संदेश जाऊ नये, असे मालकाला वाटत असते.